करी मोटर स्पीडवेवरचा शनिवार-रविवार

नमस्कार, श्रोतेहो. आज मी आपल्याशी रेस कारविषयी बोलणार आहे. रस्त्यावर चालवायची म्हणून नव्हे, तर केवळ शर्यतीच्या ट्रॅकवर धावण्यासाठीच बांधलेली एकआसनी गाडी मी अलीकडेच एका शनिवार-रविवारी, कोईम्बतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर भरलेल्या प्रशिक्षण शिबिरात, प्रथमच चालवली. पुण्या-मुंबईच्या रहदारीत आणि घाटरस्त्यांवर अनेक वर्षे गाडी चालवलेल्या माणसाची अशी समजूत असते, की रेस कारमध्ये वेग थोडा जास्त असेल, एवढाच काय तो फरक. वेगाने मला फारसे चकित केले नाही, चकित केले ते ब्रेकने. त्यामुळे आजचे बोलणे बरेचसे ब्रेकविषयीच होणार आहे.

त्याआधी थोडे त्या जागेविषयी. कोईम्बतूर हे कापडगिरण्यांचे, पंपांचे आणि यंत्रशाळांचे शहर. याच शहरातल्या एस. करिवर्धन यांनी, ज्यांना सगळे करी म्हणत, नवशिक्या चालकांना झेपेल अशी एकआसनी रेस कार मारुतीचे इंजिन बसवून आपल्याच देशात तयार केली. त्या काळी आपल्याकडे मोटारींच्या शर्यती होत त्या मुख्यतः चेन्नईजवळच्या शोलावरम येथे, दुसऱ्या महायुद्धाच्या वेळच्या धावपट्टीवर. परदेशातून जुन्या रेस कार आणणे ज्यांना शक्य होते अशा मोजक्यांचाच तो खेळ होता. करिवर्धन यांच्या गाडीने तो दरवाजा थोडा किलकिला केला. नारायण कार्तिकेयन हाही कोईम्बतूरचाच. तो पहिली शर्यत चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरच्या ट्रॅकवर फॉर्म्युला मारुतीतून, म्हणजे करिवर्धन यांच्या त्या गाडीतूनच धावला आणि 2005 मध्ये जॉर्डन संघाकडून फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. करिवर्धन यांचे 1995 मध्ये विमान अपघातात निधन झाले. पुढे 2003 मध्ये शहराबाहेर चेट्टिपालयम येथे सुरू झालेल्या, सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या या ट्रॅकला त्यांचे नाव देण्यात आले. या मातीत एका माणसाने किती काम करून ठेवले आहे, हे तिथे उभे राहिल्यावर मनापासून जाणवते.

आता गाडी. शिबिरातल्या गाडीचा सांगाडा पोलादी नळ्यांचा होता, वर पातळ फायबरचे आवरण होते आणि चालकाच्या पाठीमागे सुझुकीचे 1300 सीसीचे इंजिन होते. एखाद्या साध्या कौटुंबिक मोटारीत असते त्याच जातीचे हे इंजिन. गाडीत शिरण्यासाठी दार नसते. आसनावर उभे राहायचे, दोन्ही हातांवर भार घ्यायचा आणि पाय पुढच्या बोगद्यात सरकवत खाली उतरायचे. बसल्यावर पाय जवळजवळ आडवे पसरलेले असतात आणि नजर पुढच्या टायरांच्या माथ्याच्या पातळीला येते. तिन्ही पेडल इतके जवळजवळ असतात, की नेहमीचा रुंद तळव्याचा बूट घातला तर एका पावलाखाली दोन पेडल येतील. म्हणून अरुंद आणि पातळ तळव्याचेच बूट घालावे लागतात. पातळ तळव्यामुळे पेडलवरचा दाब पावलाला नेमका कळतो, हा त्याचा आणखी एक फायदा. मग मेकॅनिक पट्टे बांधतो. आधी कमरेचे, ते पोटावर नव्हे तर कमरेच्या हाडांवर बसले पाहिजेत. नंतर मांड्यांमधले आणि शेवटी खांद्यांवरचे. खांद्यांचे पट्टे ओढताना तो श्वास पूर्ण सोडायला सांगतो आणि नेमक्या त्या क्षणी पट्टा असा खेचतो, की पुढे शरीर आणि गाडी यांत काही अंतर उरत नाही. गाडीचा मागचा भाग किंचित सरकला तरी तो डोळ्यांच्या आधी कमरेला समजतो, तो या घट्ट बांधणीमुळे.

या गाडीत पॉवर स्टिअरिंग नाही, चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा नाही, आणि आपल्या नेहमीच्या गाडीत पायाचा जोर कित्येक पटींनी वाढवून देणारा ब्रेकचा बूस्टरही नाही. पेडल दगडासारखा घट्ट लागतो. शहरातल्या सवयीने पाय हलकेच ठेवला तर गाडी थांबण्याचे नावच घेत नाही. मांडीचे सगळे बळ लावून पेडल दाबावा लागतो, आणि हे बळ लावतानाही अंगठ्याखालचा भाग हळुवार ठेवावा लागतो, कारण थोडे अधिक झाले की पुढचे चाक जाम होते.

पहिल्या सकाळी प्रशिक्षकांनी आम्हाला हे चाक मुद्दाम जाम करायला लावले. सरळ पट्ट्यावर वेग घ्यायचा, खुणेच्या शंकूपाशी पेडल एकदम दाबायचा आणि काय होते ते लक्षात ठेवायचे. पुढची चाके उघडी असल्यामुळे सगळे डोळ्यांसमोर घडते. टायरवरची अक्षरे फिरत असतात ती अचानक स्थिर दिसतात, निळसर धूर निघतो, जळक्या रबराचा वास हेल्मेटमध्ये शिरतो आणि हातातले स्टिअरिंग एकाएकी हलके, निर्जीव होते. ते हलके होणे ही सगळ्यांत महत्त्वाची खूण. फिरणारे टायर गाडीला वळवू शकते, घसरणारे टायर वळवू शकत नाही. पेडल किंचित सैल केला, की चाक पुन्हा फिरू लागते आणि स्टिअरिंगमध्ये जीव येतो. नंतर हाच प्रयोग दाब क्रमाने वाढवत करायला सांगितला, तेव्हा तीच गाडी चाके जाम न होता कितीतरी आधी थांबली. पेडल दाबताच भार पुढच्या टायरांवर येऊ लागतो, पण तो यायला क्षणभर लागतो, आणि भार येण्याआधीच सगळा जोर लावला तर टायरची पकड सुटते. पुस्तकात वाचून मला हे ठाऊक होते. पायाला ते त्या सकाळी ठाऊक झाले.

दुपारच्या वर्गात प्रशिक्षकांनी फळ्यावर एक गणित मांडले. समजा, गाडी ताशी 144 किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला 40 मीटर या वेगाने, वळणाकडे येत आहे आणि वळणात ताशी 54 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 15 मीटर, वेगाने शिरायचे आहे. टायरची पकड साधारण गुरुत्वाकर्षणाइतकी धरली, तर त्यासाठी सुमारे 69 मीटर अंतर लागते. आता चालकाने ब्रेक केवळ पाच मीटर उशिरा लावला असे धरा. वळणाच्या तोंडाशी त्याचा वेग ताशी 54 नसून सुमारे 65 असतो. तेवढ्याच पकडीत 54 च्या वेगाने साडेबावीस मीटर त्रिज्येचे वळण घेता येते, तर 65 च्या वेगाला साडेबत्तीस मीटर त्रिज्या लागते. ट्रॅक काही दहा मीटरने मोठा होत नाही. पाच मीटर म्हणजे त्या वेगाला सेकंदाचा आठवा भाग. हे आकडे मी त्या रात्री पुन्हा पुन्हा मांडून पाहिले आणि दर वेळी ते तितकेच धक्कादायक वाटले. ब्रेकिंगची जागा प्रत्येक फेरीत तीच का ठेवायची आणि ती सावकाश, एकेका मीटरने पुढे का सरकवायची, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

कमी ताकदीच्या इंजिनाविषयी काही जण नाक मुरडतात. माझे मत नेमके उलट आहे. शिकणाऱ्यासाठी कमी ताकद हे वरदानच आहे. भरपूर ताकदीच्या गाडीत वळणात गमावलेला वेग ॲक्सिलरेटर दाबून परत मिळवता येतो, आणि त्यामुळे तो कुठे गमावला हे चालकाला कळतही नाही. 1300 सीसीच्या इंजिनाने वळणातून बाहेर पडताना ताशी पाच किलोमीटर कमी पडले, तर ती तूट पुढचा संपूर्ण सरळ पट्टा सोबत येते. म्हणून प्रशिक्षक सारखे एकच सांगत होते, की वळणात शिरताना घाई नको, बाहेर पडतानाची रेषा पाहा. सकाळी त्यांनी आम्हाला ट्रॅकवरून पायी चालवले होते. गाडीतून सपाट भासणारा रस्ता पायी चालताना कुठे बाहेरच्या बाजूला उतरतो, कुठल्या वळणाच्या तोंडाशी डांबर गुळगुळीत झाले आहे, कडेचे लाल-पांढरे कर्ब कुठे चाक चढवण्याजोगे आहेत आणि कुठे नाहीत, हे सगळे त्या चालण्यात दिसले. वळणाच्या आतल्या टोकाशी गाडी पोहोचण्यापूर्वीच नजर बाहेर पडण्याच्या जागेवर गेलेली असली पाहिजे. नजर तिथे असली की हात आपोआप कमी हलतात, आणि हात कमी हलले की टायरांवर ताण कमी येतो.

शरीराचे म्हणाल, तर थकते ती मान. वळणात गुरुत्वाकर्षणाइतका जोर बाजूने लागतो, तेव्हा डोके आणि हेल्मेट मिळून सहा-साडेसहा किलोंचे वजन मान आडवे पेलत असते, आणि ते फेरीमागून फेरी. जाड, अग्निरोधक पोशाखात घाम निथळतो. पाणी तहान लागण्याआधीच प्यावे लागते, नाहीतर पहिली ढिली पडते ती एकाग्रता.

ट्रॅकवरच्या मार्शल मंडळींचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. उन्हात तासन् तास उभे राहून ते झेंडे दाखवतात. पिवळा म्हणजे पुढे धोका आहे, ओव्हरटेक करू नका. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे. लाल म्हणजे सत्र थांबले, सावकाश पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवण्याच्या जागेत या. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे पुढे रस्ता निसरडा आहे. प्रत्येक चौकीला नजर देणे हा गाडी चालवण्याचाच भाग आहे, आणि या माणसांच्या भरवशावरच चालक पाय दाबून धरतो.

आपल्या महाराष्ट्रातही या खेळाची ओढ जुनी आहे. कोल्हापुरातल्या मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या, म्हणजे छोट्या, बुटक्या, उघड्या गाड्यांच्या शर्यतींच्या, फेऱ्या झाल्या आहेत, आणि लहान वयात कार्टिंगपासून सुरुवात करणे हाच सर्वांत चांगला मार्ग आहे. मात्र मोठ्या वयातही ही ओळख करून घेता येते. ज्या श्रोत्यांना इच्छा असेल त्यांनी मान आणि पोटाचे स्नायू आधी बळकट करावेत, अरुंद तळव्याचे बूट न्यावेत आणि शिबिर निवडताना गाडी किती वेगवान आहे हे विचारण्याऐवजी ब्रेकच्या सरावाला किती वेळ देतात, हे विचारावे. शर्यतीत उतरायचे ठरले, तर भारतातील मोटर स्पोर्ट्स क्लबांच्या महासंघाचा, म्हणजे एफएमएससीआयचा परवाना काढावा लागतो. मीही आता त्याच तयारीला लागलो आहे. नमस्कार.