रेडिओ रूमपासून ब्रिजपर्यंत: कॅप्टन राधिका मेनन

हे घड्याळ जरा नीट बघा. जुन्या जहाजांच्या रेडिओ रूममध्ये असायचं तसं, पंधरा ते अठरा आणि पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस मिनिटांवर लाल पट्टे. त्या तीन-तीन मिनिटांत 500 किलोहर्ट्झवर, म्हणजे संकटाचे संदेश यायचे त्या रेडिओ लहरीवर, सगळ्यांनी गप्प बसायचं आणि फक्त ऐकायचं, कुणी मदत मागतंय का. केरळमधल्या कोडुंगल्लूरच्या राधिका मेनन शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियात लागल्या त्या याच कामाला, रेडिओ ऑफिसर म्हणून.

मग सॅटेलाइटचा जमाना आला. 1 फेब्रुवारी 1999 पासून संकटसंदेशांची जीएमडीएसएस ही नवी सिस्टीम पूर्ण लागू झाली आणि जहाजावर मोर्स वाजवायला वेगळ्या माणसाची गरजच उरली नाही. राधिका मॅडम डेककडे, म्हणजे जहाज चालवण्याच्या कामाकडे वळल्या. आता डेककडे वळणं म्हणजे काय, तर पुन्हा खालून सुरुवात. सेकंड मेट या खालच्या अधिकाऱ्याची परीक्षा द्या, ज्युनियर ऑफिसर म्हणून ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे, वॉच करा, सी टाइम म्हणजे समुद्रावरचे ठरलेले दिवस भरा, परत जमिनीवर येऊन चीफ मेटची परीक्षा, परत समुद्र, आणि मग कुठे मास्टरची, म्हणजे कॅप्टनची परीक्षा, आणि हे सगळं महिनोन् महिने घरापासून लांब राहून, बहुतेक वेळा सगळ्या जहाजावर एकटी बाई. मास्टरचं सर्टिफिकेट मिळालं 2010 मध्ये. 2012 मध्ये ‘सुवर्ण स्वराज्य’ या टँकरची कमांड. भारतीय मर्चंट नेव्हीतल्या, म्हणजे व्यापारी जहाजांवरच्या, पहिल्या महिला कॅप्टन. बातम्यांत ते ‘पहिल्या’ तेवढं मोठ्या अक्षरात येतं, पण आज जहाजावर जायचं म्हणणाऱ्या मुलीने आधीची ही सगळी वर्षं बघायला हवीत, कारण तिलाही याच परीक्षा द्यायच्यात.

आता ही शिडी. मॅडमनी समुद्रात सात जणांना वाचवलं त्या दिवसाची नाही, दुसऱ्या टँकरवरची आहे, पण तशीच. पायलट लॅडर म्हणतात, बंदरात जहाजाला वाट दाखवणारा पायलट हिच्यावरून चढतो. दोन्ही बाजूंना जाड दोर, मध्ये लाकडी पायऱ्या, खालच्या पायऱ्या रबरी, आणि अधूनमधून ही लांब फळी दिसते ना, ती शिडी पीळ खाऊ नये म्हणून. शांत बंदरातसुद्धा हिच्यावर चढताना पाय लटपटतात.

जून 2015, ओडिशात गोपालपूरजवळचा समुद्र. काकीनाड्याहून निघालेली ‘दुर्गम्मा’ ही मासेमारी बोट, इंजिन बंद, नांगर गेलेला, खाणं-पिणं वाहून गेलेलं, आत 15 ते 50 वयाचे सात जण कोल्ड स्टोरेजमधल्या बर्फावर तग धरून. मॅडम तेव्हा ‘संपूर्ण स्वराज्य’ या जहाजाच्या कॅप्टन होत्या, त्यांच्या सेकंड ऑफिसरला ती दिसली. वारा 60 नॉटच्या (ताशी सुमारे 110 किलोमीटरच्या) वर, लाटा 25 फुटांच्या, पाऊस. कॅप्टन मेनननी बचावाचा हुकूम दिला. लाइफ जॅकेट, बोये तयार ठेवून शिडी खाली सोडली. एवढं अवजड जहाज लहान बोटीजवळ न्यायचं म्हणजे जरा अंदाज चुकला तर बोट जहाजावरच आपटून फुटायची. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्या खेपेला सातही जण वर आले.

सगळे घरी पोचले. 2016 मध्ये लंडनला आयएमओने, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने, समुद्रावरच्या असामान्य शौर्याचा पुरस्कार दिला, तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.