कर्नल कोसळू द्या

मित्रहो, तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या कॉम्प्युटर लॅबचा विषय निघाला की आधी विचारलं जातं, मशीन कोणती घ्यायची? ऑपरेटिंग सिस्टिमच्या लॅबपुरतं सांगतो. साधा लिनक्सवाला पीसी आणि त्यावर क्यूईएमयू हा इम्युलेटर, म्हणजे सॉफ्टवेअरने उभं केलेलं खोटं मशीन, एवढं पुरतं. दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत.

अडतं ते दुसरीकडे. मी शिकत होतो तेव्हा जर्नलमध्ये राउंड रॉबिनचा, म्हणजे प्रत्येक प्रोसेसला (चालू प्रोग्रामला) आळीपाळीने सीपीयू देण्याचा, प्रोग्राम असायचा. अ‍ॅरेत बर्स्ट टाइम (कुणाला सीपीयू किती वेळ हवा ते आकडे) भरायचे, सरासरी वेटिंग टाइम छापायचा. त्यात खरी प्रोसेस नव्हती, टायमर नव्हता. एक्स्टर्नलची सही झाली, मार्क मिळाले, पण कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, मी डोळ्यांनीही पाहिला नव्हता. ही खंत अजून जात नाही.

एमआयटीत 2006 साली केवळ शिकवण्यासाठी एक्सव्ही6 ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली गेली, युनिक्सच्या 1975 सालच्या सहाव्या आवृत्तीच्या धर्तीवर. काही हजार ओळींचा सी कोड. एका सेमिस्टरमध्ये सगळा वाचून होतो. आज ती रिस्क-फाइव्ह या प्रकारच्या प्रोसेसरवर चालते.

तिच्यावरचा मला सर्वांत आवडणारा प्रयोग म्हणजे कॉपी-ऑन-राइट, म्हणजे कुणी लिहायला गेलं तरच कॉपी करायची. मूळ एक्सव्ही6 मध्ये फोर्क झाला, म्हणजे एका प्रोसेसने दुसरी जन्माला घातली, की पालक प्रोसेसची सगळी मेमरी मूल प्रोसेससाठी कॉपी होते. कमांड चालवणारा शेल तर फोर्कनंतर लगेच एक्झेक करतो, म्हणजे त्या मेमरीच्या जागी नवा प्रोग्राम आणतो, मग केलेली कॉपी वाया. म्हणून विद्यार्थ्यांना सांगायचं: मेमरीची पानं (ठरावीक आकाराचे तुकडे) दोन्ही प्रोसेसना सामायिक ठेवा, लिहिण्याची परवानगी काढून घ्या. कुणी लिहायला गेलं की पेज फॉल्ट येईल, म्हणजे प्रोसेसर अडवून कर्नलला बोलावेल, तेव्हा 4096 बाइटचं नवं पान द्या.

ऐकायला सोपं वाटतं, पण पान मोकळं कधी करायचं? त्यासाठी प्रत्येक पान किती जण वापरताहेत हे मोजावं लागतं. मोजणी चुकली की एकाचं पान दुसऱ्याच्या हातात जातं. एक्सव्ही6 लिहिणाऱ्यांनी इथे फार विचार केलाय: मोकळं झालेलं पान मुद्दाम कचऱ्याने भरलं जातं, म्हणजे चूक दडून न राहता लवकर उघडी पडते. कर्नल पॅनिक होतो, म्हणजे जागीच थांबतो. दुसरी चूक जवळजवळ प्रत्येक बॅच करते. कर्नल स्वतः युजरच्या पानात लिहितो ती कॉपीआउटची वाट विसरते, कारण तिथे तो फॉल्ट येतच नाही.

आणि तिसरी, सर्वांत चिवट. मोजणीला लॉक (एका वेळी एकाच सीपीयूला आत सोडणारं कुलूप) नसेल तर एका सीपीयूवर सगळं सुरळीत चालतं, तीन सीपीयूंवर कधीतरीच फुटतं. अशी चूक दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये सापडत नाही हो. तिला सलग तीन आठवडे लागतात, रात्री उघडी राहणारी लॅब लागते. त्या तीन आठवड्यांत आम्ही दुसरा प्रयोग देत नाही. व्हायवाला तयार प्रोग्राम बघत नाही, आधी विचारतो: तुझा कर्नल कुठे कोसळला, आणि ते कसं शोधलंस?