एका पौंडाची होडी

(दृश्य : वेल्सचा किनारा. कड्यावर दगडी किल्ला, खाली गोट्यांची पुळण, गढूळ लाटा.)

हा सेंट डोनॅट्सचा किल्ला. १९६२ साली इथे अटलांटिक कॉलेज सुरू झालं. देशोदेशींची सोळा ते एकोणीस वर्षांची मुलं इथे एकत्र राहून शिकू लागली. कल्पना कुर्ट हान या जर्मन शिक्षकाची. हिटलरला उघड विरोध केला म्हणून १९३३ मध्ये त्यांना अटक झाली आणि पुढे देशही सोडावा लागला. कोवळ्या वयात दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी पेलली की माणूस घडतो, ही त्यांची श्रद्धा. म्हणून या शाळेत समुद्रावरचं बचावकार्य अभ्यासाइतकंच महत्त्वाचं होतं.

पण समुद्र कसला! मुंबईत मोठ्या उधाणालासुद्धा पाणी साधारण ५ मीटर चढतं. या किल्ल्यासमोरच्या ब्रिस्टलच्या खाडीत, आत टोकाकडे, भरती-ओहोटीतला हाच फरक १४ मीटरपर्यंत जातो.

(दृश्य : शिडाच्या लहान होड्या. त्यातली एक कलंडते.)

शिडाच्या होड्या चालवायला शिकताना मुलं उलटायची. त्यांना पटकन उचलायला वेगवान होडी हवी होती. लाकडी होडी जड, आणि पाण्यातल्या माणसाजवळ नेली तर तिचाच तडाखा बसायचा. फुगवलेली रबरी होडी हलकी, मऊ. पण तिचा कापडी तळ गोट्यांवर घासून फाटायचा आणि लाटेवर आपटली की अख्खी होडी मध्येच वाकायची.

हा प्रश्न कुणी फळ्यावर लिहून दिला नव्हता. तो रोज किनाऱ्यावर फाटून पडलेला दिसत होता. विद्यार्थ्याच्या संशोधनाला याहून चांगली सुरुवात मला तरी माहीत नाही.

(दृश्य : कार्यशाळा. प्लायवूड, डिंकाचे डबे, करवतीचा आवाज.)

शाळेचे प्रमुख डेस्मंड होअर नौदलातले निवृत्त रिअर ॲडमिरल, मूळचे इंजिनिअर. त्यांनी आणि मुलांनी रबरी होडीच्या तळाला प्लायवूड चिकटवून पाहिलं. तळ फाटेना, पण नव्या अडचणी आल्या. मग दुसरा नमुना, तिसरा, चौथा. हळूहळू तळाला पाचरीसारखा आकार आला. तो लाट कापायचा, आणि दोन्ही कडांच्या फुगवलेल्या नळ्या होडीला तरंगती ठेवायच्या. माणूस आत ओढून घेतानाही ती मऊ कड अंगाला लागायची नाही.

बांधणारे हात मुलांचे, आणि ती होडी घेऊन लाटांत जाणारीही तीच मुलं. जोड कुठे कच्चा राहिला, हे शिक्षकाआधी समुद्रच सांगायचा. होअर यांचं मोठेपण मला इथे दिसतं : तयार उत्तर त्यांच्याहीजवळ नव्हतं, आणि मुलांच्या शेजारी उभं राहून ते शोधायला त्यांना कमीपणा वाटला नाही.

१९६९ मध्ये ब्रिटनला वळसा घालणारी मोटारबोटींची शर्यत झाली. शाळेत बांधलेली अशी एक होडी तीत उतरली आणि शेवटपर्यंत टिकली.

(दृश्य : सह्याद्री. मुळशीकडे जाणारा घाट, टेकडीवरच्या इमारती.)

अटलांटिक कॉलेजच्याच परिवारातलं, म्हणजे 'युनायटेड वर्ल्ड कॉलेजेस'मधलं, एक कॉलेज आपल्याकडे आहे. पुण्याच्या पश्चिमेला, मुळशी तालुक्यात, १९९७ पासून. इथल्या आंतरराष्ट्रीय डिप्लोमाच्या अभ्यासक्रमात प्रत्येकाला स्वतः प्रश्न निवडून ४,००० शब्दांचा शोधनिबंध लिहावा लागतो. मार्गदर्शकाचा वेळ मिळतो जेमतेम तीन ते पाच तास. बाकीचं एकट्यानं. समजा, एखादीला मुळशी धरणावर लिहायचं आहे. एवढा विषय तिच्या मुठीत मावणार नाही. १९२१ चा सत्याग्रह? सेनापती बापटांची भूमिका? की जमीन गेलेल्या एकाच गावाची गोष्ट? असं छाटत छाटत प्रश्न एका ओळीवर आणणं, हेच या कामातलं सर्वांत अवघड. आपल्या प्रकल्पवहीत विषय आधीच छापून येतो, त्यामुळे हा भाग मुलांच्या वाट्याला येतच नाही. मला ते मनापासून खटकतं.

(दृश्य : पुन्हा वेल्स. नारिंगी होडी पाण्यात उतरते.)

होडीचं पेटंट होअर यांच्या नावावर होतं. ते त्यांनी १९७३ मध्ये रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन या ब्रिटनमधल्या समुद्री बचावकार्याच्या संस्थेला देऊन टाकलं. किंमत, १ पौंड. संस्थेनं आपल्या २१ फुटी होडीला शाळेचंच नाव दिलं : अटलांटिक २१. आज जगभरची नौदलं आणि तटरक्षक दलं, आपलीसुद्धा, याच जातीच्या होड्या वापरतात.

सेंट डोनॅट्सच्या पायथ्याशी या संस्थेचं बचावकेंद्र १९६३ पासून २०१३ पर्यंत होतं. त्या पन्नास वर्षांत हाक आली की होडी पाण्यात ढकलायला कॉलेजची मुलं धावायची.