डायनिंग कारमधला कवी

[दृश्य: धावती आगगाडी, खिडकीबाहेर मागे पडणारी शेतं]

१९१९ चा उन्हाळा. अमेरिकेत एकेक शहर पेटतंय. गोऱ्यांचे जमाव काळ्यांच्या वस्त्यांवर चालून जातायत. पेनसिल्व्हेनिया रेलरोडच्या डायनिंग कारमधले काळे वेटर गाडीतून उतरले, की घोळक्यानंच मुक्कामाची खोली गाठतात. एखाद्याच्या खिशात पिस्तूलही असतं. त्यांच्यातलाच एक, क्लॉड मॅके, सोबत्यांना स्वतःची नवी कविता वाचून दाखवतो. ती ऐकून त्यांच्यातला सगळ्यात उनाड, बेफिकीर गडी रडायला लागतो.

कविता होती 'इफ वी मस्ट डाय'. मरायचंच असेल, तर कोंडलेल्या डुकरांसारखं नको, उलटा वार करत मरू, असं ती सांगते. हा अंगार त्यानं ओतला तो शेक्सपिअरच्या सुनीतात, आणि चौदा ओळींत काळ्या-गोऱ्याचा उल्लेखसुद्धा नाही!

[दृश्य: जमैकाचे डोंगर, पाऊलवाट]

मॅके मूळचा जमैकाचा. क्लॅरेंडनच्या डोंगराळ भागातल्या शेतकऱ्याचं शेंडेफळ. काही महिने पोलिसात शिपाईगिरी केली, ती मानवली नाही. लोककथा जमवणाऱ्या वॉल्टर जेकिल या इंग्रजानं त्याला बोलीत लिहायला लावलं. १९१२ मध्ये 'साँग्ज ऑफ जमैका' आणि 'कॉन्स्टॅब बॅलड्स' हे दोन संग्रह त्या बोलीत आले. त्याच वर्षी तो शेतीचं शिक्षण घ्यायला अमेरिकेला निघाला.

पुढे मॉस्को, मार्सेय, मोरोक्को अशी भटकंती. १९२८ ची 'होम टू हार्लेम' कादंबरी भरपूर खपली. तिच्यातली दारू, जुगार नि रात्रीची मैफल वाचून काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना म्हणे अंघोळ करावीशी वाटली.

मला विचाराल तर त्याची खरी कादंबरी 'बनाना बॉटम', १९३३ ची. ती मात्र फारशी खपली नाही. मिशनऱ्यांनी इंग्लंडात शिकवून आणलेली बिटा प्लांट गावी परतते. पियानो तिला येतो, पण पाय वळतात बाजाराकडे, गावच्या नाचाकडे. ठरवून दिलेल्या, पाद्री होऊ घातलेल्या तरुणाऐवजी ती शेवटी वडिलांच्या गाडीवानाशी, जबनशी, लग्न करते. बिटाला गावी आणून पोचवणारा मॅके स्वतः १९१२ नंतर जमैकाला एकदाही गेला नाही.

१९४८ मध्ये शिकागोत त्याचं निधन झालं. २००९ मध्ये कोलंबिया विद्यापीठात, दुसऱ्याच कुणाच्या कागदपत्रांत, त्याच्या एका अप्रकाशित कादंबरीचं टंकलिखित सापडलं. २०१७ मध्ये ती छापून आली.