मूठभर पिसांवर नोंदलेला पक्षी

अरुणाचल प्रदेशाच्या पश्चिम कामेंग जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरांहून अधिक उंचीवर, ईगलनेस्ट अभयारण्याच्या कडेचा हा डोंगरउतार आहे. सकाळचे धुके अजून दरीतच अडकलेले असताना खालच्या दाट झुडपांतून बासरीसारखी, उतरत जाणारी एक शीळ ऐकू येते. काही वेळाने पाने हलतात आणि क्षणभर पक्षी दिसतो. त्याचे नाव बुगुन लिओसिक्ला.

आकाराने हा पक्षी साधारण आपल्या लालबुड्या बुलबुलाएवढा. बुलबुलासारखीच डोक्यावर काळी टोपी आणि शेपटीखाली लाल रंग असला, तरी कुळ मात्र सातभाईंचे आहे. अंग राखाडी छटेच्या शेवाळी रंगाचे, डोळ्यापुढे पिवळाजर्द ठिपका, आणि मिटलेल्या पंखावर पिवळ्या, लाल व पांढऱ्या रंगांचे असे तुकडे, की कुणी कुंचला झटकताना थेंब उडाले असावेत.

जानेवारी १९९५ मध्ये रमणा अत्रेय यांना येथे दोन अनोळखी पक्षी दिसले. अत्रेय हे व्यवसायाने खगोलशास्त्रज्ञ. त्यांची कर्मभूमी पुणे. पक्षिनिरीक्षण हा त्यांचा छंद होता, मात्र त्या छंदात व्यवसायातली काटेकोर शिस्त उतरली होती. दिसलेला पक्षी कोणत्याही पुस्तकातल्या वर्णनाशी जुळत नव्हता, आणि केवळ ओझरत्या दर्शनावर नवी प्रजाती जाहीर करणे त्यांना मान्य नव्हते. पुरेसा पुरावा हाती येईपर्यंत अकरा वर्षे गेली. मे २००६ मध्ये अखेर हा पक्षी जाळ्यात सापडला.

येथे एक पेच उभा राहिला. नवी प्रजाती नोंदवायची, तर पक्षी मारून त्याचा पेंढा भरलेला नमुना संग्रहालयात ठेवायचा, ही पक्षिशास्त्राची जुनी रीत होती. परंतु त्या परिसरात तोपर्यंत अवघे चौदा पक्षी आढळले होते, आणि त्यांतला एक कमी करणे म्हणजे ज्याची नोंद करायची त्यालाच धक्का लावणे होते. अत्रेय यांनी मोजमापे घेतली, छायाचित्रे काढली, आवाज ध्वनिमुद्रित केला, गळून आलेली काही पिसे जपून ठेवली आणि पक्ष्याला सोडून दिले. प्रजातीचे वर्णन त्याच वर्षी याच पुराव्यावर प्रसिद्ध झाले. नमुन्याविना केलेल्या नोंदीला काही अभ्यासकांनी आक्षेप घेतला, आणि शास्त्राच्या चौकटीत तो अगदीच गैर नव्हता. तरीही हा निर्णय योग्यच होता, असे या उतारावर उभे राहिल्यावर वाटते. स्वतंत्र भारतात नव्या पक्ष्याचा शोध ही किती दुर्मीळ गोष्ट आहे, हे यावरून कळेल, की याआधीची अशी नोंद १९४८ सालची होती.

या पक्ष्याचा सर्वांत जवळचा नातलग चीनमधील सिच्वान प्रांतात, येथून हजार किलोमीटरहून अधिक अंतरावर राहतो. मधल्या डोंगररांगांत या दोघांचा दुवा सांधणारा कोणी आढळलेला नाही.

प्रजातीच्या शास्त्रीय नावातील ‘बुगुनोरम’ या शब्दाचा अर्थ ‘बुगुनांचा’ असा आहे. बुगुन ही येथील जमात, आणि पक्षी राहतो ती जमीन बरीचशी अभयारण्याच्या हद्दीबाहेर, याच जमातीच्या ताब्यातील आहे. वृक्षतोड, शेतीसाठी होणारी सफाई, नवे रस्ते यांपैकी काहीही झाले, तरी मोजक्या घळींत तगलेल्या या पक्ष्याला दुसरीकडे जाण्यास जागा नाही. म्हणून २०१७ मध्ये सिंगचुंग गावातील बुगुनांनी आपल्या जंगलातील सुमारे सतरा चौरस किलोमीटर क्षेत्र सामुदायिक राखीव म्हणून जाहीर करविले. जगभरच्या पक्षिनिरीक्षकांची पावले या एका पक्ष्यासाठी येथे वळतात, आणि त्यातून गावात काही रोजगारही येतो.

गस्तीची जबाबदारी गावातील तरुणांवर आहे. ओल्या पायवाटेने ते खाली उतरत असताना शीळ पुन्हा ऐकू येते आणि ते थबकतात. झुडपातून लाल टोकाची शेपटी वर येते, एकदा हलते आणि पानांआड जाते.