मरियेला गप्प बसवणारा पेत्र

योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकात, त्याच्या कबरीबाहेर त्याची शिष्या मरिया मग्दालिया रडत उभी आहे. समोरचा माणूस तिला माळी वाटतो. तो तिला नावाने हाक मारतो, आणि ती ओळखते. मरणातून उठलेला प्रभू येशू सगळ्यांत आधी दिसला तो तिला. शिष्यांकडे निरोप पाठवला तोही तिच्याच हाती. लूक लिहितो, बायकांचं बोलणं प्रेषितांना वायफळ वाटलं. त्यानंतर चारही शुभवर्तमानांत तिचं नाव येत नाही.

इजिप्तमध्ये मात्र एका पोथीत ही गोष्ट पुढे सरकते. १८९६ साली कार्ल राइनहार्ट यांनी कैरोत विकत घेतलेली ही पपायरसची, कॉप्टिक म्हणजे इजिप्तच्या जुन्या ख्रिस्ती लोकांच्या भाषेतली पोथी बर्लिनला गेली. छापखान्यात पाण्याचा नळ फुटला, मग दोन महायुद्धं झाली. छापून निघायला १९५५ उजाडलं.

त्यातलं ‘मरियेचं शुभवर्तमान’ सुरू होतं तेव्हा पहिली सहा पानं गायब आहेत. येशू निरोप घेऊन जातो. शिष्य हवालदिल: त्याला सोडलं नाही, आपल्याला कोण सोडणार? मरिया उठते, त्यांना धीर देते. शिष्यांतला प्रमुख पेत्रच म्हणतो, बहिणी, प्रभूनं तुला सांगितलेलं आम्हाला सांग.

ती तिला झालेलं दर्शन सांगू लागते, आणि ऐन रंगात चार पानं नाहीत. पुन्हा मजकूर लागतो तेव्हा आत्मा वर निघालेला असतो. वाटेत ‘वासना’ अडवते: तू माझाच, खोटं का बोलतोस? आत्मा उत्तर देतो: मी तुला पाहिलं, तू मला ओळखलंच नाहीस. मग अज्ञान, मग क्रोधाची सात रूपं. ज्ञानाने सुटका, जगावर अंमल चालवणाऱ्या शक्तींना ओलांडणं, हा ग्नॉस्टिक, म्हणजे गूढ ज्ञानातच मुक्ती शोधणाऱ्या सुरुवातीच्या ख्रिस्ती पंथांच्या, लेखनाचा ओळखीचा सूर. हे पुस्तक पूर्णपणे त्यातलं म्हणावं का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. मला त्याहून मोलाचं वाटतं ते पुढचं भांडण.

शिष्यांपैकी अंद्रिया म्हणतो, हे प्रभूचे शब्द मला वाटत नाहीत. पेत्र चिडतो: आम्हाला वगळून तो एका बाईशी एकांतात बोलला? आता आम्ही हिचं ऐकायचं? मरियेला रडू कोसळतं. पेत्रा, भाऊ, मी हे मनानं रचलं असं वाटतं तुला?

लेवी हा दुसरा शिष्य तिची बाजू घेतो. पेत्रा, तू नेहमीचाच तापट. प्रभूनं तिला योग्य मानलं, तर तिला नाकारणारा तू कोण?

चर्चमध्ये शिकवायचा अधिकार कुणाचा, हा दुसऱ्या शतकातला जिवंत वाद होता. मला तो इथे थेट पेत्राच्या तोंडून ऐकू येतो. म्हणून शेवटही महत्त्वाचा. कॉप्टिक प्रतीत लेवीचं ऐकून ते प्रचाराला निघतात. मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयातला याच पुस्तकाचा ग्रीक तुकडा त्याहून जुना, तिसऱ्या शतकातला. त्यात निघतो तो एकटा लेवी.