मुथुलक्ष्मी रेड्डी आणि ‘पहिली’ची कटकट

नमस्कार मंडळी! आनंदीबाईंच्या व्हिडिओखाली एकच मागणी सारखी येत होती, ‘ताई, मद्रासच्या मुथुलक्ष्मी रेड्डींवर बोला.’ घ्या, बोलते.

पटापट उरकू. जन्म ३० जुलै १८८६, पुदुकोट्टई संस्थान. वडील कॉलेजचे प्राचार्य, आई देवदासी परंपरेतल्या घरातली. १९१२ला मद्रास मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या, १९१४ला डॉ. सुंदर रेड्डींशी लग्न, पुढे राजकारण. हे कुठेही सापडेल.

आता माझं दुखणं ऐका. ‘भारतातल्या पहिल्या महिला डॉक्टर’ असं लिहिणं थांबवा हो! आनंदीबाईंना फिलाडेल्फियात एम.डी. मिळाली मार्च १८८६मध्ये. तेव्हा या बाई जन्मायच्या होत्या!

मग कोणी म्हणतं, बरं, मद्रास मेडिकल कॉलेजातली पहिली मुलगी तरी? तेही नाही. मेरी शारलीब तिथे १८७५लाच दाखल झाल्या होत्या.

‘ताई, त्या इंग्रज. भारतीय धरा ना.’ धरते. अबला दास, म्हणजे पुढच्या अबला बोस, १८८२ला तिथेच शिकायला गेल्या. आजारपणाने शिक्षण अर्धवट राहिलं, पण वर्गात बसल्या होत्या की नाही?

शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेत हीच थाप ठोकून मी स्टीलचा डबा जिंकलाय. त्यामुळे चिडायचा हक्क मला नाही, तरी चिडते.

कारण खरं पहिलेपण वेगळंच आहे. ब्रिटिश भारतात कायदेमंडळाची सदस्य झालेली पहिली बाई म्हणजे या. आणि इथेही ‘निवडून आल्या’ लिहू नका, त्यांची नेमणूक झाली होती. निवड झाली ती उपाध्यक्षपदावर, सदस्यांकडून, एकमताने.

तिथे त्यांनी केलं काय? ‘देवदासी प्रथा बंद केली’, एका ओळीत उडवतात सगळे. जरा थांबा इथे. देवळाकडून घराला इनाम जमीन मिळायची, तिच्या बदल्यात घरातल्या बाईने देवळाची सेवा करायची. सेवा सुटली की जमीन गेली. म्हणजे आईला पोरीला वाहायचं नसलं, तरी उद्या खायचं काय? डॉक्टरीणबाईंनी नेमकी ही गाठ हेरली. १९२९च्या कायदादुरुस्तीने सेवेची अट सुटली, जमीन मात्र त्या बायकांकडेच राहिली. ‘कायदे करून काय होतं?’ विचारणाऱ्या दादा, हे होतं!

मुली वाहण्यावर पूर्ण बंदी यायला १९४७ उजाडलं. या सुधारणेच्या विरोधकांत काँग्रेसचे नेते सत्यमूर्तीही होते. आणि गंमत बघा, १९३०ला गांधीजींना अटक झाली तेव्हा निषेध म्हणून कायदेमंडळाचा राजीनामा दिला तो बाईंनी.

मग आसऱ्याला आलेल्या मुलींसाठी अव्वै होम काढलं. धाकटी बहीण कर्करोगाने गेली होती, ते मनात सलत राहिलं. १९५४ला, सत्तरीकडे झुकलेल्या असताना, मद्रासच्या अड्यार भागात १२ खाटांची कॅन्सर इन्स्टिट्यूट सुरू केली.

आता खाली कोणीतरी लिहिणारच, ‘देशातलं पहिलं कॅन्सर हॉस्पिटल!’ अहो, परळचं टाटा १९४१चं आहे.